चिमूटभर गंधक

वस्तू बोलायच्या आणि माणसं निमूट ऐकायची, त्या काळची गोष्ट. रबराच्या एका कारखान्यात कच्च्या रबराची एक वादी भट्टीत जायची वाट पाहत होती. तिच्या आतले धागे मोकळे होते. तिचा भाऊ असाच मोकळा राहिला आणि उन्हाळ्यात फळीवरून ओघळून गेला. त्यामुळे तिला धास्ती होती. गंधक धाग्याला धागा बांधतो, हे तिला ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता, की घ्यायचा किती?

"भरपूर घे," फळीवरचे दांडेआबा म्हणाले. तेही रबरच, पण गंधक खाऊन खाऊन काळे कडक झालेले. "एक धागा सुटा ठेवू नकोस. आमच्या घराण्यात आजवर कुणी वाकलेलं नाही."

"आणि ताणलं गेलेलं, आबा?"

"उलट बोलायचं नाही."

वादीने चिमूटभरच गंधक मागून घेतला. भट्टीतून ती बाहेर आली, तेव्हा कितीही ताणली तरी पुन्हा जागेवर येत होती.

"ही थेरं," आबा म्हणाले.

मग एक दिवस फळीवरून मांजर गेलं आणि दोघं खाली पडली. वादी उसळली. आबांचे दोन तुकडे झाले. कारागिराने ते जुळवले आणि वरून वादीच ताणून गुंडाळली.

"पाहिलंस?" आबा आतून म्हणाले. "मोडलो, पण वाकलो नाही."

वादीला वाटलं, सरळ सोडून द्यावं. पण मग दोन आबा झाले असते, आणि दोघांनीही उपदेश केला असता. तिने धरून ठेवलं.