सोन्याची कानकोरणी

एका राज्यात भर दरबारात भांडण पेटलं होतं. मांत्रिक धूम्राक्ष उकळत्या तेलाची वाटी घेऊन राजा मेघवर्म्याच्या कानाशी उभा, आणि भिवरा वैदीण त्या मांत्रिकाचं मनगट धरून.

"कानात भूत आहे, म्हातारे. तेलानं पळेल."

"भूत पळेल न पळेल, कान जाईल. ठेव वाटी खाली."

राजाच्या उजव्या कानाची वाट सुजून जवळजवळ बंद झाली होती. पाळीला बोट लागलं तरी जीव कळवळे. डावा कान जन्माचाच बहिरा. आठव्या दिवशी राजपोपट राजाच्या कानात राजशब्द कुजबुजणार होता. तो ऐकू आला नाही, तर सिंहासन मांत्रिकाचं. तशी रीतच होती.

भिवरेनं आरशानं ऊन कानात पाडून पाहिलं. "पडदा शाबूत आहे." मग तिनं मोठ्यानं विचारलं, "रोज काय करता, महाराज?"

"तळ्यात बुडी मारतो. मग शापित खजिन्यातल्या कानकोरणीनं कान कोरतो. तिचा शापच असा, की खाज सुटते, म्हणून पुन्हा कोरतो."

"मळ हा कानाचा पहारेकरी. त्याला तुम्हीच हाकललंत, आणि ओल्या वाटेनं रोग आत शिरला. आता तीन कामं. कानात पाण्याचा टिपूस जायचा नाही. सकाळ-संध्याकाळ कुशीवर पडून माझं औषध घालून घ्यायचं आणि ते मुरेतो हलायचं नाही. आणि कानकोरणी मला द्यायची."

पहिली दोन कामं राजानं निमूट केली. तिसरं जड गेलं. भिवरेच्या कनवटीला खोचलेली कानकोरणी गोड गळ्यानं गाई, "कोर, राजा, कोर."

चौथ्या दिवशी राजा म्हणाला, "एकदाच दे, भिवरा."

"तलवारीचे घाव सोसलेत, महाराज. खाज सोसा."

राजा स्वतःच्या हातांवर बसून राहिला.

आठव्या दिवशी पोपट कुजबुजला. राजानं राजशब्द खणखणीत उच्चारला आणि त्याच्यावरचा कानकोरणीचा शाप तुटला.

धूम्राक्ष मात्र गरजला, "सूज माझ्या मंत्रानं उतरली. कानकोरणीत दोष नाही. ती खजिन्यात परत ठेवा."

त्या दुपारी कानकोरणी तळ्याच्या तळाशी गेली आणि मांत्रिक वेशीबाहेर. कारण भिवरेनं कनवटीची कानकोरणी काढून त्याच्यापुढे धरली होती आणि ती म्हणाली होती, "दोष नाही ना, मग ही घे आणि सगळ्यांदेखत तुझ्या कानात घाल."