नाखवीण, कुर्ली आणि सुकलेली लाँच

सकाळचे सव्वासात वाजले होते, खाडीला नुकती ओहोटी लागली होती, तेव्हा ही गोष्ट सुरू झाली. गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची, होड्यांना यंत्रं नवीनच लागली होती त्या काळची.

खाडीच्या तोंडाशी एक बेट होतं. बेटावरच्या विहिरीचं पाणी खारट. पलीकडून गोडं पाणी आणायला सगळ्या बेटात मिळून एकच लाँच. ती चालवणारा नाखवा तापाने गेला आणि लाँच दोन उन्हाळे वाळूवर सुकत पडली. लहान होडीतून घागर घागर पाणी आणून लोक थकले, बेट सोडायची भाषा करू लागले.

त्या सकाळी नाखव्याची तरुण बायको लेकीला घेऊन लाँचपाशी आली. पोर पाण्यात जाईल या धास्तीने तिच्या कमरेला दोरी आवळली, दुसरं टोक खुंटाला बांधलं, आणि पदर खोचला.

बेटावरच्या होडीवाल्यांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, हसला. "सूनबाई, हिच्या फटींतून आभाळ दिसतंय की."

"दिसू दे. बुजवीन."

"बुजव. अमावस्येचं उधाण बघू, पुनवेचं बघू. तोवर तरंगली नाही, तर हिची लाकडं चुलीत, आणि आम्ही पलीकडे बिऱ्हाडं हलवू."

नाखविणीने बुडाला चिकटलेली कालवं खरवडली. कुजलेली फळी बदलली. यंत्र खोललं, एकेक भाग रॉकेलात धुतला, पुन्हा बसवला. मग तेलात भिजवलेला कापूस फटींत ठोकायला घेतला. एक थर झाला. तिला वाटलं, तरी थेंब आत आला तर? दुसरा ठोकला. मग तिसरा. कापूस दगडासारखा झाला तेव्हा कुठे तिचा हात थांबला.

अमावस्येला लाँच पाण्यात उतरली. थेंब आत आला नाही. नाखवीण त्या दिवशी पोटभर जेवली.

पण सुकं लाकूड पाणी पिऊ लागलं, फुगू लागलं. फुगायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी खिळे करकरले, एक फळी उखडून बाहेर आली आणि लाँच धक्क्यालाच बसली.

लोकांनी दोर लावून ती पुन्हा वाळूवर ओढली. नाखवीण तिच्या सावलीत बसून रडली. तेवढ्यात बुडाखालून एक कुर्ली, खाडीतली खेकडी, बाहेर आली.

"रडून झालं असेल तर सरक. माझ्या दारात बसलीयेस."

"तुला दाराची पडलीय. माझं सगळं बुडालं."

"बुडणारच. अगं बाई, मी जुनं कवच टाकते ना, तेव्हा आधी पाणी पिऊन टम्म फुगते. मग नवं कवच कडक होऊ देते. वाढायला जागा नको? तू सुक्या लाकडाला गच्च आवळलंस."

"सैल ठेवलं तर पाणी आत येईल."

"येईल. उपस. उपसायचं काम तुझं, फट मिटवायचं काम लाकडाचं." आत शिरता शिरता कुर्ली म्हणाली, "आणि पोरीच्या कमरेला वळ उठलाय, तोही बघ."

नाखविणीने फळी परत बसवली. सगळा कापूस काढला, आणि या खेपेला एकच थर, हलक्या हाताने भरला.

पुनवेला लाँच उतरली आणि फटीफटीतून पाणी झिरपू लागलं.

"सूनबाई, बुडतेय. उतर खाली," तांडेल ओरडला.

नाखविणीचे हात शिवशिवले. तिने हातोडा उचलला आणि म्हाताऱ्याच्या हाती दिला. "मामा, हा धरा. मी मागितला तरी देऊ नका."

मग तिने बादली उचलली. दिवसभर उपसलं. बाया आल्या, गडी आले, तेही उपसू लागले. दिवस कलला तशी धार बारीक झाली. सकाळी लाँचचा तळ नुसता ओलसर होता.

यंत्र फटफटलं. संध्याकाळी गोड्या पाण्याने भरलेली लाँच धक्क्याला लागली. तांडेल हातोडा घेऊन तिथेच उभा होता. "आता घेतेस का हा?" त्याने विचारलं आणि पहिली घागर स्वतः उतरवून घेतली. बिऱ्हाडं हलवायची भाषा पुन्हा कुणी केली नाही.

लेकीची दोरी मात्र नाखविणीने सोडली नाही. खाडीकाठची आई ती. पण गाठ सैल केली, दोरी पाण्यापर्यंत लांब केली, आणि स्वतः गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पोर पोहायला शिकली.

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याला फुगायला जागा ठेवावी, गच्च आवळलेलं आतूनच फुटतं.

तुमच्या ओळखीत कुणी सुकी होडी पाण्यात सोडणार असेल, किंवा कुणी काळजीपोटी पोराला खुंटाला बांधलं असेल, तर एवढी गोष्ट त्यांच्या कानावर घाला.