आधी कुडा, मग उंबरा

शेळवलीच्या टेकडीवर ही जी बिनपानांची झुडपे दिसतात, ती वाळलेली नाहीत. हा कुडा आहे. पौष-माघात तो असाच उघडा असतो आणि वैशाखात पांढऱ्या फुलांनी भरतो. तेव्हा वास खाली पाणवठ्यापर्यंत जातो. एकेका बुडख्यातून पाच-सहा फोक फुटलेत, तेही बघून घ्या. त्याची गोष्ट आमच्या तात्यांनी सांगितली तशीच सांगतो.

फार पूर्वी गावात ठकू नावाची सून आली. माहेर समुद्राकाठी, माडा-पोफळींत. तिकडे झाड उघडे पडले म्हणजे मेलेच. सासू धोंडाईने तिला सरपणाला पाठवले. ठकूने टेकडीवरच्या कुडजाईच्या देवळाभोवतीचा सगळा कुडा वाळका समजून तोडला आणि मोळ्या रचून ठेवल्या, असे सांगतात. देवीची पालखी वैशाखात याच फुलांनी सजते, हे तिला ठाऊकच नव्हते.

गाव जमला. गुरव म्हणाला, "धोंडाई, आता फुलं काय चुलीतनं काढू?"

पंचांनी ठकूला कायमचे माहेरी धाडायचे ठरवले. तिने बोचके बांधले. धोंडाईने मात्र तिचा हात धरून तिला टेकडीवर आणले. मागोमाग पंचही आले.

"बुडख्याला नख लाव," धोंडाई म्हणाली.

ठकूने नख लावले. आत हिरवे दिसले, पांढरा चीक आला.

"ह्यो मेला न्हाई," धोंडाई पंचांना म्हणाली. "आन् चूक हिची न्हाई, माझी. मी सांगितलंच न्हाई. कुडा फुलंस्तवर मी डोईत फूल घालायची न्हाई. तवर सून हितंच ऱ्हाईल."

"आन् न्हाई फुलला तर?" एका पंचाने विचारले.

"तर आमी दोघी जाऊ. हिच्या माहेरी मासं तरी मिळतील."

त्या वर्षी पालखी आंब्याच्या पानांनी सजली. पाऊस सरल्यावर दोघी घागरी वाहून बुडख्यांना पाणी घालत. पुढच्या वैशाखात फुटलेला प्रत्येक फोक फुलला, म्हणे. गुरवाला टोपल्या पुरल्या नाहीत. पालखी सजवून उरलेला गजरा ठकूने स्वतःच्या हाताने सासूच्या अंबाड्यात माळला.

आजही शेळवलीत लग्ने कुडा उघडा असतानाच होतात. सासू नव्या सुनेला आधी इथे आणून नख लावायला सांगते. चीक दिसला की मगच उंबऱ्यावरचे माप. या माघात आमच्या घरीही सून येणार आहे. आई परवाच वर येऊन ही कडेची फांदी निवडून गेली.