भेसळीचं रोप

"...एकही उरलं नसेल का, बाई?"

बाई बांधावर बसल्या होत्या. डोळे गेल्यापासून कुणी काही विचारलं की त्या आधी मान खाली घालत.

"कशाबद्दल म्हणतोस?"

"तुमच्या वाफ्यातली ती मक्याची वेडीवाकडी रोपं. पट्टेरी पानांची, जाड पानांची. त्यांतलं एखादं."

दामोदर निकुंभ हा बाईंचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. बावीस वर्षं खपून त्याने पांढऱ्या मक्याचा एक वाण तयार केला होता. शेतभर एकासारखं एक रोप. त्याचा त्याला गर्व होता आणि तो लपवतही नसे. यंदा त्यावर करपा रोग आला. एकसारखी रोपं एकसारखीच जळाली.

"पट्टे कशाने येतात?" बाईंनी परीक्षेत विचारावं तसं विचारलं.

"डीएनएचा एखादा तुकडा जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतो. बसला तिथलं काम बंद पडतं. उठला की पुन्हा सुरू."

"आणि जाड पानं?"

"गुणसूत्रं दुप्पट झाली की. एक प्रत काम सांभाळते, दुसरी चुकायला मोकळी असते. त्या चुकांतूनच पुढे कधीतरी नवीन..."

"पाठ आहे की सगळं. मग का उपटलीस?"

"बियाणं शुद्ध ठेवायचं तर भेसळ काढावीच लागते. तुम्हीच शिकवलंत."

"तुझ्या शेतातली काढ म्हटलं होतं. माझ्या वाफ्यातली काढायला कुणी सांगितलं?"

तीन वर्षांपूर्वी बाई डोळ्यांसाठी दवाखान्यात होत्या, तेव्हा हा गुरुसेवा म्हणून इथे आला. चार दिवस कंबर मोडेपर्यंत राबला. दिसेल ते वेगळं रोप मुळासकट काढून बांधाबाहेर टाकलं. बाई परतल्या त्या आंधळ्या होऊनच. मोठ्या हौसेने त्यानेच त्यांना ही बातमी दिली.

"मला वाटलं, तुमच्याने होत नाही म्हणून राहिलंय."

बाई हसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू ठेवलेल्या रोपांचंच बी दरवर्षी पेरते मी. पानं चाचपून बघते, पण सगळ्या ओळींपर्यंत पोचत नाही. काही वेगळं उगवलं असेल तर... तूच बघ."

दोघं ओळीत उतरली. बाईंचा हात त्याच्या खांद्यावर होता. करपा इथेही पोचला होता. खालची पानं तपकिरी होऊन लोंबत होती.

"वाण गेला तर माझं काय उरतं, बाई? बावन्न वर्षांचा झालो. आणखी बावीस वर्षं कुठून आणू?"

"चालत राहा."

"एकच रोप मिळू दे. एकच. त्याच्यावरून मी पुन्हा सगळं..."

कर्र असा आवाज झाला. मुळं तुटल्याचा.

बाई जागीच थांबल्या.

"काय उपटलंस?"

दामोदरने आपल्या मुठीकडे पाहिलं. तो बोलत होता आणि हात सवयीने आपलं काम करत होता. मुठीत गुडघाभर उंचीचं रोप होतं. पान बोटांना जाड लागत होतं. कडेला पांढरा पट्टा होता. आणि त्यावर करप्याचा एकही डाग नव्हता.

तो गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी माती उकरू लागला.

"लावतो, बाई. परत लावतो. धरेल मूळ..."

बाईंनी वाकून चाचपत रोपाचा बुंधा शोधला. बोटं खाली नेली. मूळ मध्येच तुटलं होतं.

तो रडत होता. बाई त्याला गप्प बस म्हणाल्या नाहीत. ऊन कलायला लागलं.

मग त्यांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"ऊठ. अजून अकरा ओळी आहेत. हात मागे घे, मी धरते. तू नुसतं बघ."