तिझेच्या वाट्याची भिंत

पुष्कळ वर्षं लोटली या गोष्टीला. तिकडे आफ्रिकेत एक उभा, खडकाळ डोंगर होता आणि त्याच्या माथ्यावर एक गाव होतं. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊनच ऐका, कारण चूक यात मोठ्यांचीच आहे.

त्या गावाला चहूबाजूंनी दगडांची भिंत होती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. भिंतीचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला आलेला. दर पावसाळ्यात थोडी भिंत ढासळायची आणि ज्याची त्यानं ती पुन्हा रचायची. रीत अशी, की दुसऱ्याच्या वाट्यावर कुणी एक दगडसुद्धा ठेवायचा नाही. ठेवला, तर ते घर बुडालं असं धरायचं. त्या घराचं शेत आणि नाव दगड ठेवणाऱ्याकडे जायचं. बायकांनी तर भिंतीला हातच लावायचा नाही. पिढ्यान् पिढ्या या रितीनं भिंत उभी होती, म्हणून कुणी तिला नावं ठेवली नाहीत.

मग खालच्या मैदानात इंग्रज साहेब आला. त्याच्याबरोबर बंदुकवाले शिपाई आले. साहेबानं निरोप धाडला, "घरामागे पट्टी द्या आणि सडक बांधायला माणसं द्या."

डोंगरावरून उलट निरोप गेला, "ज्वारी आमची, डोंगर आमचा. तू कोण?"

तीनदा शिपाई चढून आले आणि तिन्ही वेळा वरून गडगडत आलेल्या दगडांनी त्यांना खाली पिटाळलं. गावात ढोल वाजले. साहेबाचा मात्र नुसता जळफळाट झाला.

या गावात कुवे नावाची विधवा राहायची. तिला एकुलता एक मुलगा, तिझे. चांगला उंचापुरा, लग्नाला आलेला. एक दिवस तो मीठ आणायला खालच्या बाजारात गेला आणि परत आलाच नाही. मागून कळलं, शिपायांनी त्याला धरून सडकेच्या कामाला जुंपलंय. पुढे तेही कळेना. जिवंत आहे की गेला, कुणी सांगेना.

त्याच पावसाळ्यात तिझेच्या वाट्याची भिंत ढासळली. चांगलं खिंडार पडलं. दोन बैल शेजारी शेजारी आत यावेत, एवढं.

शेजारी वांदू होता. कुवेच्या नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र, तिला वहिनी म्हणायचा. तो तिच्या दारात येऊन बसला.

"वहिनी, चार दिवसांचं काम आहे. मी रचून टाकतो."

"भाऊजी, तुम्ही दगड ठेवलात की माझा तिझे मेला."

"अहो, मला काय त्याचं शेत खायचंय? तो आला की सगळं परत देईन."

"परत दिलेलं नाव आजवर कुणी घेतलंय का? दाखवा मला एक माणूस."

असा माणूस कुणीच पाहिला नव्हता.

गोष्ट पंचांपुढे गेली. सगळ्यांत वयस्क म्हातारा पुढे झाला. मग म्हणाला, "बाई रितीला धरून बोलतेय. तिझे मेल्याचं कळेपर्यंत त्याच्या वाट्याला हात लावता येत नाही. खिंडारात काटेरी झुडपं टाका."

"काटे वाळतात हो, आजोबा!" वांदू वैतागून म्हणाला.

"मग नवे टाकू," म्हातारा म्हणाला. झालं, निकाल लागला.

कुवेचा जीव भांड्यात पडला. पण काळजी कुठे पाठ सोडते? एका संध्याकाळी ती एकटीच खिंडारापाशी गेली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तिनं एक दगड उचलला, छातीशी धरला. ठेवला असता तर कोण बघणार होतं? पण तिला वाटलं, हा दगड आपण ठेवला आणि तिकडे पोराचा श्वास थांबला तर? तिनं दगड होता तिथे टाकला आणि घरी येऊन रडली. आईच ती! तिला हसू नका.

ज्वारीची कापणी झाली. वारे कोरडे वाहायला लागले. काटेही वाळले. नवे टाकायचे ते आज टाकू, उद्या टाकू करत राहून गेले.

एका सकाळी दाट धुकं पडलं होतं. अचानक खिंडारातून जाळ उठला. शिपायांनी काट्यांना आग लावली होती. गावात एकच धावपळ उडाली. पुरुष भिंतीकडे पळाले, बायका दगड वाहू लागल्या. कुवेही वाहत होती. ती दगड वांदूच्या हातात द्यायची आणि वांदू तो खिंडारातून खाली लोटायचा. एक, दोन, पाच, दहा. समोर धूर आणि धुकं, काही दिसेना. नुसत्या किंकाळ्या ऐकू यायच्या.

त्या किंकाळ्यांत कुणीतरी ओरडलं, "आई गं! दगड नका टाकू! आम्ही आहोत!"

कुवेच्या हातातला दगड गळून पडला.

साहेबानं सडकेवरची धरलेली माणसं एका दोरात बांधून पुढे घातली होती आणि शिपाई त्यांच्या आडून चढत होते. धूर जरासा विरला तसं सगळ्या गावानं पाहिलं. कुणाचा भाऊ, कुणाचा जावई. सगळ्यांत पुढे तिझे पडला होता, छाती चेचलेली.

मग दगड कोण लोटणार? सगळ्या भिंतीवरचे हात थांबले. बंदुका मात्र थांबल्या नाहीत. दुपार व्हायच्या आत डोंगर साहेबाच्या हाती पडला.

पाप साहेबाचं, यात शंका नको. बांधलेल्या माणसांची ढाल करणाऱ्याला कुठलाही देव क्षमा करणार नाही. पण साहेब पापी आहे हे गावाला आधीपासून ठाऊक होतं. खिंडारही ठाऊक होतं.

कुवे लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. कितीतरी वेळानं वांदू जवळ आला. कुठल्या दगडानं तिझे गेला हे दोघांनाही माहीत नव्हतं. आणि तो दगड त्या दोघांच्याच हातांतून गेला होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"भाऊजी," कुवे म्हणाली, "त्या दिवशी मी हो म्हणायला हवं होतं."

"मी विचारायलाच नको होतं, वहिनी," वांदू म्हणाला. "रचून मोकळं व्हायला हवं होतं. तुम्ही मला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. खिंडार नसतं, तर साहेब चढला नसता आणि तिझे आज नुसता दोरात राहिला असता, कधीतरी सुटला असता."

दुसऱ्या दिवशी साहेबाचा हुकूम सुटला, भिंत पाडा आणि दगड खाली सडकेला न्या. बंदुकीच्या धाकानं सगळं गाव कामाला लागलं, बायकासुद्धा. कुणाचा वाटा कोण उपसतोय, हे कुणी विचारलं नाही. नंतर सगळ्यांना मैदानात नेऊन वसवलं. तिथे ज्वारी पिकायची, पण ती आपली आहे असं म्हणायची सोय नव्हती. कुवे त्याच वर्षी खंगून गेली. तिला वांदूनंच पुरलं.

तात्पर्य: रीत माणसांना राखायला असते, माणसांपेक्षा रीत जपली, तर माणसंही जातात आणि रीतही जाते.