उपरण्याचा कौल

श्रावण नुकताच लागला होता आणि दर्या अजून खवळलेला होता. पण आपलं गलबत सगळ्यांआधी बंदरात पोचावं, अशी विसाजी खोतांना घाई. धाकू तांडेल मात्र हटून बसला. "देवीचा कौल मिळाल्याशिवाय माझी माणसं पाण्यात नेणार नाही."

गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुपार कलली तरी एकही हलेना. शेवटी खोतांनी घाम पुसायचं निमित्त करून उपरणं जोरात झटकलं. उजवी पाकळी खाली आली.

"झाला कौल. शीड चढवा."

खलाशांनी माना खाली घातल्या. धाकूनं शांतपणे पाकळी उचलली.

"चढवतो, खोतसाहेब. पण कौल देणाऱ्या देवीचं फूल गलबताच्या टोकाला बांधून निघायची आपली रीत. आज कौल उपरण्यानं दिला, तेव्हा ते घेऊन तुम्हीच टोकाला बसा. लाट अंगावर आली की असंच झटका. देवीला घाई करायला लावता येते, तर दर्याला का नाही?"

लाटांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येत होता. खोतांनी तो थोडा वेळ ऐकला.

"गुरवा, पाकळी परत लाव," ते म्हणाले, आणि उपरण्याची घडी करून त्या घडीवरच बसले.