जालिंदरचे आठ फोकस

"आणि आरशात काय दिसलं?" उस्तादांनी विचारलं.

"आरशात?" जालिंदर खताळने विचारलं.

"आरशात रं. गाडी शेजारनं गेली की तिचा मागचा तांबडा दिवा आरशात दिसतो. दिसला का?"

"न्हाई..."

उस्तादांनी हातातला चहा बाकावर ठेवला. तो त्यांनी पुन्हा उचलला नाही.

दस्तगीर उस्ताद म्हणजे चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. आता घाटमाथ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये राहत आणि चढून तापलेल्या गाड्यांना पाणी देत. जालिंदर त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. समोरून गाडी आली की आधी आपला दिवा खाली करायचा, समोरच्याने केला नाही तरी करायचा, हा उस्तादांचा पहिला धडा. क्लच आणि गिअर त्यानंतर.

पुढे जालिंदर स्वतःच्या गाडीवर बसला आणि तो धडा त्याला भित्र्या माणसाचा वाटू लागला.

त्याने टपावर सहा फोकस बसवले आणि बंपरखाली दोन. त्यांचं बटण स्टेअरिंगच्या बाजूला, बोट सहज पोचेल असं. गावात वीज गेली की लोक म्हणत, जालिंदरची गाडी आणून चौकात लावा. ही थट्टा त्याला फार गोड लागे. जो समोरून दिवा खाली करणार नाही, त्याच्या तोंडावर तो आठही फोकस सोडी आणि मग ढाब्यावर सांगे, दाखवली त्याला दिवाळी. ऐकणारे हसत. त्यातल्या पुष्कळांच्या टपावर तसेच फोकस होते.

परवा रात्रीची गोष्ट मात्र त्याने ढाब्यावर सांगितली नव्हती.

परवा तो घाट चढत होता. मधल्या मोठ्या वळणावर वरून एक ट्रक उतरत आला, दिवे पूर्ण उघडे. उतरणारा म्हणजे दरी त्याच्या बाजूला. जालिंदरने दिवा खालीवर करून दोनदा डिपर दिला. समोरच्याने दिवा खाली केला नाही. जालिंदरचं डोकं फिरलं आणि त्याने बटण दाबलं.

समोरचे दिवे एकदा हलले, दरीच्या बाजूला सरकले. मग शेजारून गाडी गेली असं त्याला वाटलं. खरंच गेली का, हे आज तो छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हता.

त्याने आरशात पाहिलं, तर मागे नुसता काळोख. तो थांबला नाही.

आज तिसरा दिवस. तीन ढाब्यांवर त्याने आडून आडून चौकशी केली. कुणी काही ऐकलं नव्हतं, पेपरात काही आलं नव्हतं. पण नवा रस्ता झाल्यापासून या घाटात वाहतूक तुरळक, आणि खाली रान इतकं दाट की गुरं चुकली तर आठ-आठ दिवस सापडत नाहीत. हे जालिंदरला माहीत होतं.

"तो गेला असंल ना पुढं, उस्ताद? मागचा दिवा बंद पडला असंल त्याचा. असतात की कितीतरी गाड्यांचे बंद."

असेल, एवढा एकच शब्द ऐकायला तो तीन तासांचा रस्ता कापून आला होता. उस्तादांनी तो दिला नाही.

"दिवसा त्या वळणावरनं गेलास का?"

"दोनदा."

"थांबलास?"

जालिंदरने नकाराची मान हलवली. दोन्ही वेळा त्याने नजर समोरच्या डांबरावर ठेवली होती आणि गाडी नेहमीपेक्षा जोरात काढली होती.

उस्ताद उठले. पाण्याचा एक कॅन भरून घेतला आणि जालिंदरपुढे हात केला. किल्लीसाठी.

आता अंधार पडलाय, सकाळी उजाडल्यावर जाऊ, असं जालिंदर म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. उस्ताद तोवर गाडीत चढून स्टेअरिंगवर बसले होते. शेवटी जालिंदर मुकाट्याने बाजूला जाऊन बसला.

वळणाच्या जरा आधी उस्तादांनी गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना रस्त्यावर फांद्या तोडून टाकल्या, येणाऱ्याला आधीच कळावं म्हणून. वळणावरचा कठडा केव्हाचाच ढासळलेला होता, त्यामुळे नवं काही तुटलंय का हे समजायला मार्ग नव्हता.

"त्याची गाडी जिथं होती, तिथं जाऊन उभा राहा."

"कशाला, उस्ताद?"

उस्ताद पुन्हा गाडीत जाऊन बसले.

जालिंदर चालत गेला आणि दरीच्या बाजूला, गाडीकडे तोंड करून उभा राहिला. उस्तादांनी बटण दाबलं.

समोर नुसतं पांढरं झालं. डांबर दिसेना, डोंगर दिसेना, स्वतःचे पाय दिसेनात. जालिंदरने डोळ्यांवर हात घेतला, तोंड फिरवलं. तरीही पांढरंच. नकळत तो एक पाऊल मागे सरला, तशी टाचेखाली खडी घसरली. दोन-चार खडे खाली गेले. ते कुठे आपटल्याचा आवाज आलाच नाही.

दरी मागे आहे की बाजूला, हेच त्याला कळेना. आयुष्यात तो इतका कधी भ्याला नव्हता.

"बंद करा..." तो म्हणाला. "उस्ताद, बंद करा."

दिवे गेले. आता सगळं काळं झालं, आणि ते पांढऱ्याहून वाईट होतं. जालिंदर मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी डांबर चाचपू लागला. सहा फूट उंचीचा माणूस गुडघ्यांवर रांगत गाडीपर्यंत आला.

उस्ताद वरून म्हणाले, "तुला खाली बसता आलं. तो गाडी चालवत होता."

बऱ्याच वेळाने जालिंदर उठला. कुणी सांगायची वाट न बघता तो गाडीत चढला; उस्ताद बाजूला सरकले आणि तो स्टेअरिंगवर बसला. गाडी मागेपुढे करत तिचं तोंड त्याने दरीकडे केलं, चाकांना दगड लावले आणि आठही फोकस सोडले.

उजेड सरळ दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर पडला. तिकडची झाडं दिवसासारखी स्वच्छ दिसू लागली. जालिंदर काठावर उभा राहून वाकून वाकून बघत होता.

"कुणी न्हाई, उस्ताद." त्याच्या आवाजात जीव आला. "कुणी बी न्हाई. एवढ्या उजेडात असतं तर दिसलं असतं."

उस्तादांनी आधी बटण बंद केलं, मग किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. पाण्याचा कॅन घेऊन ते खाली उतरले आणि जालिंदरच्या शेजारी येऊन उभे राहिले.

काळोखात तापलेलं इंजिन मधूनच टिकटिकत होतं. मग तेही थांबलं. खाली रानात एखादं पान हललं असतं तरी ऐकू आलं असतं.

"आता हाक मार," उस्ताद म्हणाले.

आपण इथे दोन्ही वेळा का थांबलो नाही, ते जालिंदरला आत्ता कळलं. खालून उत्तर आलं नाही तर काय, ही भीती होतीच. उत्तर आलं तर काय, ही भीती त्याहून मोठी होती. तिथे तिसरी रात्र काढणारा माणूस पहिल्यांदा काय विचारेल, हे त्याला ठाऊक होतं: तू कोण?

"काय म्हणून हाक मारू, उस्ताद? मला त्याचं नाव ठाऊक न्हाई..."

"त्याचं राहू दे. तुझं सांग."